एकेचाळीस बावखलांची यादी

८ फेब्रुवारी १९९९, सोमवार

ज्याअर्थी इनेझमावशींची सात बदकं रोज पहाटे साडेपाच वाजता माझ्या खिडकीखाली अधिवेशन भरवतात. आणि ज्याअर्थी सदर अधिवेशनात कोणीही अध्यक्ष नसतो, विषयपत्रिका नसते आणि सातही सदस्य एकाच वेळी बोलतात. आणि ज्याअर्थी सरकारची बावीस वर्षं सेवा करून स्वेच्छेने निवृत्त झालेल्या एका सत्तेचाळीस वर्षांच्या बाईला सात वाजेपर्यंत झोपायचा हक्क असायला हरकत नसावी. त्याअर्थी मी आज मावशींकडे तोंडी तक्रार दाखल केली.

मावशी म्हणाल्या, "तू उटत नायस म्हनून ती बोलवतात. नायतर दुपारपर्यंत पडून ऱ्हाशील."

तक्रार फेटाळली. अपिलाची सोय नाही.

आई गेल्यावर गिरगावची खोली भावाने विकली आणि मी चार ट्रंका पुस्तकं घेऊन वसईजवळ पापडीला आले, त्याला पुढच्या आठवड्यात वर्ष होईल. वरच्या मजल्याचं भाडं देते, खाली मावशी राहतात, व्यवहार एवढाच. मंत्रालयात विधी विभागात मी कायद्यांचे मसुदे करत होते. मंत्र्यांना काय हवंय ते त्यांना सांगता येत नसे, ते मी कलमांत लिहून द्यायची. आता वसई कोर्टाबाहेर लोकांची प्रतिज्ञापत्रं लिहिते. उतरण आहे, पण सावलीची आहे.

११ फेब्रुवारी

आमदारसाहेबांचा स्वीय सहायक विघ्नेश आला होता. हा पोरगा खुर्चीवर बसतानासुद्धा साहेबांच्या वतीने बसतो. साहेबांना या अधिवेशनात अशासकीय विधेयक मांडायचं आहे. वर्षअखेर निवडणूक, वसईतल्या पाण्याचा प्रश्न तापलेला, तेव्हा बावखलं वाचवायचा कायदा. "मॅडम, तुम्ही डिपार्टमेंटच्या. तुमच्यासारखं कोणाला जमणार?"

बावखल म्हणजे वाडीतलं गोड्या पाण्याचं तळं. पावसाचं पाणी त्यात साठतं, जमिनीत मुरतं आणि समुद्राचं खारं पाणी विहिरींपासून लांब ठेवतं. बावखल बुजलं की दोन-तीन वर्षांत आजूबाजूच्या विहिरी खारट होतात, केळी पिवळी पडतात आणि मग वाडीला भाव येतो.

मी विघ्नेशला विचारलं, मंजूर व्हायला हवंय की मांडायला? तो हसला. मीही हसले. ज्यांनी विधान भवन आतून पाहिलंय त्यांना हे विचारावं लागत नाही. आमदाराचं खाजगी विधेयक शुक्रवारी दुपारी येतं, तासभर भाषणं होतात, मंत्री आश्वासन देतात, आमदार आभार मानून विधेयक मागे घेतात. माझ्या बावीस वर्षांत याहून वेगळं झालेलं आठवत नाही. लग्नात हुंडा नको म्हणायची पद्धत असते तसंच.

हो म्हटलं. घरी काय करायचं होतं?

खाली मावशींनी सगळं ऐकलं होतं. जिना लाकडी आहे. "आपलं पन येईल ना त्यात?" त्यांनी विचारलं. मागच्या वाडीतलं बावखल त्यांचं आणि त्यांच्या दिराचं, ॲन्सेल्मचं, सामायिक आहे. ॲन्सेल्म दोन वर्षं मागे लागलाय की बुजवू आणि जागा विकू. मावशी ऐकत नाहीत. त्यांची विहीर त्याच पाण्यावर आहे, विहिरीवर केळी आणि मोगरा, आणि त्यावर त्या.

"येईल," मी म्हणाले. विधेयकात येईल अशा अर्थाने ते खरं होतं.

१८ फेब्रुवारी

काल राखेचा बुधवार. मावशींचा उपवासकाळ सुरू झाला. मांस-मासळी बंद. म्हणजे माझीही बंद, कारण त्यांच्या स्वयंपाकघरातून वर येणारी वाटी आता फक्त वालाची असते. भाड्यात जेवण धरलेलं नाही. हे मी त्यांना एकदा सांगितलं होतं. त्या म्हणाल्या, मग खाऊ नको.

व्याख्येवर अडलेय. 'बावखल' म्हणजे काय हे दुसऱ्या कलमात लिहिल्याशिवाय तिसरं लिहिता येत नाही. महसूल दप्तरात हा शब्दच नाही, कुठे पोटखराबा, कुठे खड्डा, कुठे नुसतीच पडीक. मावशींना विचारलं.

"ज्यात बदकं उतरतात आनि बिल्डर उतरत नाय, ते."

सभागृहात हे कलम एकमताने मंजूर झालं असतं. पण विधी विभागात नसतं.

तेव्हा ठरवलं, व्याख्या ढिली ठेवायची आणि मागे अनुसूची जोडायची. एकेक बावखल, सर्व्हे नंबर, मालकाचं नाव, लांबी-रुंदी, अशी यादी. यादी असली की पळवाट नाही. माझे पहिले साहेब म्हणायचे, व्याख्येत वकिलांना वाट सापडते, यादीत मालक अडकतात.

२४ फेब्रुवारी

यादीसाठी फिरणं चालू आहे. मावशी बरोबर असतात. आधी वाटलं एकटी जाईन, पण पहिल्याच घरी कॅथरिनबाईंनी मला तलाठी समजून दार लावून घेतलं. दुसऱ्या दिवशी मावशी पुढे आणि मी टेप घेऊन मागे. मावशी दारातून म्हणाल्या, "आपली बाय आहे. कायदा लिवते. नंबर दे." कॅथरिनबाईंनी सातबारा काढला, वर पेजेचं पाणी दिलं.

मावशी बहात्तर वर्षांच्या आहेत. बांधावरून अशा चालतात की मला चपला हातात घ्याव्या लागतात. प्रत्येक घरात त्यांना कोणाचं तरी बारसं, भांडण, मृत्यू ठाऊक. आज एका वाडीत मी टेप धरताना पाण्यात घसरले, कमरेपर्यंत. मावशी आणि घरातल्या दोघी इतक्या हसल्या की मलाही हसू आलं. मागच्या वर्षभरात मी असं हसले होते का, ते आठवायचा प्रयत्न केला. झोप आली.

४ मार्च

एकेचाळीस. शेवटचं आमचं, म्हणजे मावशींचं. ३८ मीटर गुणिले २१. ॲन्सेल्म काठावर उभा राहून बघत होता, लुंगी वर धरून. त्याने विचारलं, यादीत नाव आलं की काय होतं? मी सांगितलं, जिल्हाधिकाऱ्यांच्या परवानगीशिवाय बुजवता येत नाही. "आनि परवानगी?" मी म्हणाले, मिळणार नाही असं लिहिलंय.

लुंगी खाली सोडून तो बांधावरून परत गेला. मला वाटलं, पटलं.

८ मार्च

मसुदा पूर्ण. महाराष्ट्र (वसई तालुका) बावखल संरक्षण विधेयक, १९९९. अकरा कलमं, एक अनुसूची. स्वतःच स्वतःची पाठ थोपटायची माझी सवय नाही, पण अनुसूची सुंदर झालीय. बावीस वर्षांत मी ऊस, भाडेकरू, सहकारी बँका आणि एकदा कत्तलखाने यांच्यावर कलमं लिहिली. त्यातलं एकही मी पायाने मोजलेलं नव्हतं.

'उद्देश व कारणे यांचे निवेदन' मावशींना वाचून दाखवलं. त्यांनी एक प्रत मागून घेतली आणि येशूच्या पवित्र हृदयाच्या तसबिरीमागे ठेवली. प्रार्थनेत त्या आता आमदारांचं नाव घेतात. माझंही घेतात, पण ते आधीपासून घेत होत्या म्हणे. कशाला, कोण जाणे.

त्यांना सांगायला हवं होतं का, की अशी विधेयकं मंजूर होत नाहीत? विचार केला. उपवासकाळात कशाला, असं ठरवलं.

१२ मार्च, शुक्रवार

मांडलं. आमदारसाहेब उठले, परवानगी मागितली, मिळाली, बसले. चाळीस सेकंद. विघ्नेशने फोन करून सांगितलं की साहेबांचं वजन वाढलं. मी म्हटलं, डॉक्टरांना दाखवा.

आता ते छापून राजपत्रात येईल. चर्चेचा क्रमांक लागला आहे सोळा एप्रिलला.

२६ मार्च

कॅथरिनबाईंचं बावखल बुजवताहेत.

भाजी घेऊन येताना पाहिलं. मुरुमाचे चार ट्रक रांगेत उभे. अर्धं तळं लाल. कॅथरिनबाई काठावर रडत होत्या आणि त्यांचा मुलगा ट्रकवाल्याला मागे-मागे करत हात दाखवत होता. मी त्याला विचारलं, इतके दिवस काही नव्हतं, आत्ताच का? त्याने खिशातून कागद काढला. झेरॉक्सची झेरॉक्स. माझी अनुसूची. चौदा नंबरवर पेन्सिलने खूण.

"कायदा लागला की ही जागा मेली, मॅडम. त्याच्या आधी भरून मोकळं व्हायचं. सगळेच भरतायत. बिल्डरच वाटतोय ना यादी."

२७ मार्च

नऊ बुजली किंवा बुजताहेत. रिक्षा करून फिरले. सगळी माझ्या यादीतली. यादीबाहेरचं एकही नाही, कारण यादीबाहेर मी एकही ठेवलं नव्हतं.

ही चूक नवशिक्याची नाही, नवशिका इतकं नीट मोजत नाही. जमीन अडकवणारा कायदा आधी जाहीर करायचा नसतो, हे मला विभागात पहिल्या वर्षी शिकवलं. तसे मसुदे आम्ही दार लावून करत असू, टंकलेखिकेला घरी सोडायला गाडी जाई, आणि सकाळी थेट अध्यादेश. ते मला इथे आठवलंच नाही. का आठवलं नाही, हे सरळ लिहिते. हे विधेयक कधी कायदा होईल असं मला एक क्षणही वाटलं नव्हतं. माझ्या विधेयकावर सगळ्या तालुक्याने विश्वास ठेवला, मी सोडून.

३ एप्रिल, शनिवार

काल उत्तम शुक्रवार, म्हणजे गुड फ्रायडे. मावशींबरोबर चर्चमध्ये क्रूसाच्या वाटेच्या प्रार्थनेला उभी राहिले, शेवटच्या रांगेत, परकी म्हणून. परत येताना त्यांनी सांगितलं, ॲन्सेल्म ट्रकवाल्याशी बोललाय. त्या त्याला म्हणाल्या, सोळा तारखेला कायदा होतोय, मग बघ हात लावून. त्यांना वाटलं, त्याला धाक बसेल.

तो तर सोळा तारखेच्या आत भरायलाच निघालाय. मावशी ज्या शब्दाने त्याला थांबवताहेत त्याच शब्दाने तो पळतोय. कायदा येणार नाही एवढं एक वाक्य त्याला कळलं तर तो आजच्या आज थंड होईल. आधी दोन वर्षं थांबलाच होता की. पण ते वाक्य त्याला सांगायचं म्हणजे आधी मावशींना सांगायचं.

उद्या ईस्टर आहे. उद्या नको.

७ एप्रिल

मावशींच्या फोनवर संकेतचा फोन. माझ्या हाताखाली होता, आता माझ्या खुर्चीवर आहे. मंत्र्यांनी सोळा तारखेला काय आश्वासन द्यावं म्हणजे आमदारांचं समाधान होऊन ते विधेयक मागे घेतील, असं त्याला वरून विचारलंय. त्याला सुचेना. "मॅडम, तुम्हीच दोन ओळी सांगा ना. तुम्हाला दोन्ही बाजू माहीत."

मी सांगितल्या. 'शासन या बाबीचा सर्वंकष विचार करण्यासाठी समिती नेमण्याचा विचार करील.' विचार करण्यासाठी नेमण्याचा विचार. संकेत खूश झाला.

फोन ठेवून वळले तर मावशी मागे. "काय म्हनतात साहेब? होतंय ना?"

"बघताहेत," मी म्हणाले.

८ एप्रिल

सकाळी नऊला पहिला ट्रक आला. मावशी चर्चमध्ये मिस्साला गेल्या होत्या. ॲन्सेल्मने आपल्या बाजूने रिकामा करायला लावला. तळं सामायिक असलं की आपली बाजू कुठे असते? मुरूम पाण्यात घसरत मावशींच्या बाजूच्या पायऱ्यांसमोर जाऊन बसला, पाणी लाल झालं. मी खिडकीतून पाहिलं. खाली जायला हवं होतं. दुसरा ट्रक आला तेव्हा गेले. ट्रकसमोर उभी राहिले, काय बोलावं ते सुचेना. आयुष्यभर लिहूनच दिलंय. एवढ्यात मावशी आल्या आणि त्यांनी ॲन्सेल्मला त्यांच्या बोलीत जे सुनावलं ते मला निम्मं कळलं. दुसरा ट्रक रस्त्यावरच थांबला. ॲन्सेल्म म्हणाला, उद्या परत आणतो.

आत आल्यावर मावशींनी तसबिरीमागची प्रत काढली. "हे दाखवते त्याला. कायद्याचा कागद आहे."

मी म्हणाले, "मावशी, तो कायदा होणार नाही."

त्या बसल्या. मी उभ्यानेच सगळं सांगितलं. शुक्रवारची पद्धत, आश्वासन, मागे घेणं, ते आश्वासनही मीच लिहून दिलं ते, आणि यादीमुळे काय झालं ते. माझी एवढी सरळ वाक्यं कुठल्याच कलमात नसतील.

"कदी ठाऊक झालं तुला?"

"पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं."

"मग फिरलीस कशाला माज्यासंगं? उन्हातान्हात?"

जे तोंडात आलं ते बोलले. "मला तुमच्याबरोबर फिरायला आवडत होतं."

त्या उठल्या. मग म्हणाल्या, "चाळीस घरांत मी सांगितलं, आपली बाय आहे म्हनून." आणि आत गेल्या.

रात्री वाटी आली नाही.

९ एप्रिल

सकाळी सातला मावशी जिन्याखाली, बाहेर जायच्या साडीत. माझ्याशी न बोलता चालू लागल्या. मी मागून. ॲन्सेल्मकडे गेलो. त्यांनी त्याला सांगितलं, ही सांगते ते ऐक, आणि भिंतीकडे तोंड करून बसल्या.

मी सांगितलं. ॲन्सेल्मने दोनदा विचारलं. "तुम्हीच लिहिलात ना, बाई?"

"हो."

"मंग येनार नाय म्हंजे?"

"लिहिणं माझं. आणणं त्यांचं. त्यांना आणायचं नाही."

मग म्हणाला, असं असेल तर घाई काय, पावसाळ्यानंतर भाव बघून ठरवू. ट्रकवाल्याला नको म्हणून निरोप धाडला. बावखल वाचलं असं मी लिहीत नाही. बावखल लांबणीवर पडलं. विधान भवनात याला यश म्हणतात.

परतताना वेशीपाशी मावशी थांबल्या. "बाकीच्यांना कोन सांगनार?"

मी म्हणाले, आपण जाऊ.

"आपन नाय. तू. कायदा येतो म्हनून सांगायला दोघी होतो. नाय येत म्हनून सांगायला एकटी जा."

१३ एप्रिल

चार दिवस, एकतीस घरं. नऊ ठिकाणी जाऊन उपयोग नव्हता, तिथे शेवटी जाईन. सरकारी बाई स्वतः येऊन कायदा होणार नाही म्हणते, म्हणजे नक्कीच होणार, असा तर्क तिघांनी लढवला. एकाने मला कोणी किती दिले विचारलं. बाकीच्यांनी ऐकून घेतलं. रागावले फारसे नाहीत, ते जास्त लागलं. चपला पहिल्या दिवसापासून हातातच आहेत.

१६ एप्रिल, शुक्रवार

विधेयक मागे घेण्यात आलं. मंत्र्यांनी माझ्या दोन्ही ओळी शब्दशः वाचल्या. आमदारसाहेबांनी आभार मानले. विघ्नेश म्हणाला, साहेब तुमच्यावर खूश आहेत.

त्या तर्कटी तिघांकडे पुन्हा गेले. आता ऐकलं.

१७ एप्रिल

नऊ घरांकडे गेले. कॅथरिनबाईंनी दार लावलं नाही, उघडंच ठेवून उभ्या राहिल्या. मागे लाल सपाट जमीन, कडेला एक पाण्याचा पंप उताणा. मी माझी चूक कबूल केली. त्या म्हणाल्या, मुलगा आता म्हणतो थांबलो असतो तर बरं झालं असतं. पेजेचं पाणी दिलं नाही. बरोबर आहे.

परत आले तर जिन्यावर झाकलेली वाटी. ईस्टर झालेलं, म्हणजे बोंबील.

१९ एप्रिल

ॲन्सेल्मच्या त्या एका ट्रकचा मुरूम मावशींच्या पायऱ्यांसमोर ढीग होऊन पडलाय. पाणी ओसरलंय तसा वर आलाय. ॲन्सेल्म म्हणाला, मजूर लावतो. मी म्हटलं, राहू द्या. आज उजाडताच घमेलं घेऊन उतरले. वीस काढली. बांधापलीकडच्या रस्त्यावरच्या खड्ड्यात ओतली. कंबर माझी आहे की सरकारची, कळत नाही.

मावशी दात घासत बघून गेल्या.

२५ एप्रिल

रोज वीस. आज बावीस. मावशी पायऱ्यांवर बसून मोगऱ्याच्या कळ्या निवडत होत्या. मधेच म्हणाल्या, घमेलं डोक्यावर घेतात, पोटाशी नाय धरत, मूल आहे का ते. मग उठून माझ्या पदराची चुंबळ करून डोक्यावर ठेवून दिली. जरा घट्टच ठेवली.

२ मे

त्या म्हणाल्या, वरच्या खोलीचं भाडं या महिन्यापासून नको. मी म्हणाले, का? त्या म्हणाल्या, मग तुजं नाव कुटल्या चुलीवर घालायचं, माज्या शिधापत्रिकेवर दोन चुली दाखवता येत नायत. शिधापत्रिकेचं हे कारण कायद्यात कुठेही नाही. मी शोधलं.

१४ मे

आज हात खाली गेला तेव्हा लाल संपलं आणि काळा, मऊ गाळ लागला. तो बावखलाचा आहे. तिथेच थांबले. शेवटचं घमेलं अर्धंच भरलं होतं, तेवढंच नेऊन ओतलं, पायऱ्यांवर धुतलं आणि उन्हात पालथं घातलं.